अक्काच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड

दुकानाच्या पोटमाळ्यावर चौकड्याच्या चादरीत बांधलेला एक कॉम्प्युटर बारा वर्षं पडून होता. गेल्या आठवड्यात जागा हवी म्हणून तो खाली काढला. गाठ सुटेना, कात्रीनं कापली. आतली पत्र्याची काळी पेटी तशीच होती. एका बाजूला वाटीएवढा पोचा, पोच्याच्या मधोमध फाटलेला पत्रा, कडा आत वळलेल्या. मी नकळत त्यात अंगठा घातला. धार अजून शाबूत होती.

हा पोचा वरवंट्याचा आहे. पाट्यावर चटणी वाटायच्या काळ्या दगडी वरवंट्याचा. तो वरवंटा ज्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून या पत्र्यावर आदळला, त्याला आम्ही तेव्हा दाजी म्हणत होतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा.

जळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बाई स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेली पाहून अजूनही लोक दारातून विचारतात, "साहेब कुठं गेले?" मी म्हणते, "साहेब नाहीत, मीच आहे." त्या दिवशी मी ती पेटी पुढ्यात घेऊन बसले होते. पोच्यातून अक्काच्या धुळ्यातल्या घराची धूळ निघत होती आणि तिला वास होता. वास लागला की मी तडक नशिराबादला जाऊन पोचते, आमच्या घरी, जिथं सगळे आवाज सुरू झाले.

नाना, म्हणजे आमचे वडील, दाळ मिलमध्ये मुकादम होते. त्यांच्या अंगाला तुरीच्या भुशाचा वास यायचा. कोरडा, गोडसर, नाकात बसणारा. हंगामात तो भुसा त्यांच्या भुवयांवर पिवळा बसलेला असे आणि ते दारात अंग झटकत तेव्हा उन्हाच्या पट्ट्यात तो तरंगत राही. इतकं सुंदर दिसे ते, की क्षणभर मी भ्यायचं विसरून जाई. मिलच्या यंत्राचा जुना झालेला पट्टा तुकडे करून टाकून देत, त्यातला हातभर लांबीचा एक तुकडा नानांनी घरी आणला होता. रबर आणि कापडाचा. दारामागच्या खिळ्याला तो लटकत असे. त्याच खिळ्याला आमची दप्तरंही असत. दप्तर काढताना पट्टा हलू नये म्हणून आम्ही दोघी श्वास धरत असू.

नानांची गाडी फाट्यावरून वळली की आवाजावरून कळे. अक्काला जास्त कळे, ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गाडी एकदम बंद झाली तर ती म्हणे, "पुस्तक उघड." गाडी थोडी घरघरत राहून मग बंद झाली तर म्हणे, "आईजवळ जाऊ नकोस." तिचं कधी चुकलं नाही.

मारायला काय कारण असे ते मला आज आठवत नाही. तेव्हाही कधी कळलं नसावं. आठवतो तो क्रम. आधी भांडं पडे. मग आईचं "नको" एकदाच, हळू. मग पट्टा. पट्ट्याचा आवाज पाठीवर वेगळा आणि हातावर वेगळा. पाठीवर भरलेल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा, हातावर काचेचा. कारण हातावर पडला की बांगड्या फुटत. सगळं संपलं की नाना बाहेरच्या ओट्यावर बसत आणि चहा मागत. आई चहा करून देई. तिच्या मनगटातून रक्त गळत असलं तरी चहा सांडत नसे.

सकाळी आई केर काढी तेव्हा काचा एका बाजूला लोटून ठेवी. हिरव्या, लाल, सोनेरी टिकल्यांच्या. अक्का त्या उचलून डब्यात भरी. आमच्या गल्लीत सगळ्या मुली काचापाणी खेळत. ओट्यावर काचा पसरायच्या, दुसरी हलू न देता एकेक उचलायची. बाकीच्या मुलींना काचांसाठी सणासुदीची वाट पाहावी लागे. आमचा डबा कायम भरलेला असे. "तुमच्याकडे किती गं काचा," एकदा शेजारची मुलगी म्हणाली. अक्कानं तिला थोबाडीत मारली. ती मुलगी रडतसुद्धा नव्हती, नुसती बघत होती. मीही बघत होते. अक्काचा हात नानांसारखाच मागून, खांद्यापासून आला होता.

सणांना या सगळ्यातून सुटी असे असं नाही. थंडीत भरताची वांगी यायची. अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर ती भाजायची. सालं करपल्याचा वास कपड्यांत दोन दिवस राही. आई भाजलेल्या मिरच्या आणि लसूण लाकडी बडगीत घालून ठेची, त्यावर वांगं घोटी. धप्, धप्, धप्. हा एक आवाज घरात असा होता की त्यात आई मारणारी होती. मला तो ऐकत बसायला फार आवडे. तिचे ओठ घट्ट मिटलेले असत आणि प्रत्येक ठोक्याला मान थोडी हले. वांगं कधीच मऊ झालेलं असे, तरी ती थांबत नसे.

आणि आखाजी. उन्हाळ्याच्या ऐन भरात, माहेरवाशिणींचा सण. पाटलांच्या कडुनिंबाला झोका बांधत. आईला माहेर उरलं नव्हतं, पण त्या दिवशी दुपारी ती गल्लीतल्या बायकांबरोबर झोक्यावर चढे आणि गाणी म्हणे. तिचा आवाज एरवी घरात ऐकू येत नसे, तो तिथं कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत जाई. एका वर्षी झोका उंच गेला होता. तिचं लुगडं वाऱ्यानं भरलं होतं. नाना विळा घेऊन आले. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी झोका खाली येताना एका बाजूचा दोर धरला आणि कापला. आई तोंडावर पडली. फळी फिरून तिच्या कानशिलावर बसली. गाणं अर्ध्या ओळीत तुटलं. नाना आले तसे विळा खांद्याला लावून गेले. बायकांनी आईला उठवलं, कानात हळद भरली. त्या दिवसानंतर आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "झोक्यावरून पडली मी." खोटंही नव्हतं ते.

अक्काचं लग्न धुळ्यात झालं. दाजी एका खाजगी शाळेत शिक्षक होते. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मऊ. नानांना वाकून नमस्कार करत. अक्कानं लग्नाआधीच मराठी टायपिंग आणि छपाईची जुळणी शिकून घेतली होती. धुळ्याच्या घरी तिनं कॉम्प्युटर घेतला आणि लग्नपत्रिका, शाळेचे अहवाल, दशक्रियेची पत्रं जुळवून देऊ लागली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती पाठीत ताठ बसून, पडद्याकडे न बघता, दहा बोटांनी लिहीत होती. खोलीभर कीबोर्डचा पावसासारखा आवाज. मला वाटलं, एकदाची हिची सुटका झाली.

पाच वर्षांनी धुळ्याहून फोन आला. अक्काच्या शेजारी एक म्हातारी राहायची, सगळे तिला मोठी माय म्हणत. तिचाच आवाज होता, अहिराणीत. बहिणीला आजच घेऊन जा, नंतर येऊन उपयोग नाही, म्हणत होती.

"बेटा, तुन्ही बहीणले लई जाय. आज नही उनात ते मंग यानी गरजच नही."

नाना घरी होते. मी सांगितलं तेव्हा ते जेवत होते. ताट सारून उठले, हात न धुता मिलचा मोठा पाना पिशवीत घातला आणि निघाले. मी मागे धावले. बसमध्ये ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी पांढरीशुभ्र फुटली होती. नाना एकदाच बोलले. "माझ्या पोरीले," म्हणाले, आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

दार उघडं होतं. पहिल्यांदा मला दिसली ती अक्षरं. कीबोर्डची बटणं फरशीभर उडालेली, क एकीकडे, म कपाटाखाली. एका सीडीचे दोन तुकडे. कॉम्प्युटर आडवा पडलेला, त्याच्या पोटात खड्डा, बाजूला वरवंटा. त्याला अजून लाल चटणी लागलेली. सगळ्या खोलीत लसणाचा वास. भिंतीला टेकून अक्का बसली होती. तिचा डावा हात पदराखाली होता आणि ओठ चिरलेला. दाजी खुर्चीवर बसून चहा पीत होते.

"या नाना, बसा," ते म्हणाले. "जरा शब्दानं शब्द वाढला."

नानांनी पिशवी खाली ठेवली. पहिला हात उघडा होता. खुर्ची उलटली, चहाचा कप भिंतीवर फुटला. मग त्यांनी दाजींना गळपट्टीला धरून उठवलं आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी दाताचा आवाज आला. इस्त्रीच्या शर्टावर रक्ताची रेघ खाली गेली. मी डोळे मिटले होते, पण डोळे मिटूनही मला सांगता आलं असतं की हा नानांचा हात आहे. तीच लय, तेच थांबणं. मनातून मला वाटत होतं, आणखी. थांबू नका. हे मी इथं लिहून ठेवते.

मग नानांनी पिशवीतून पाना काढला.

अक्का उठली. भिंतीला धरत, एका हातानं. दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"नाना, ठेवा तो."

"सरक अक्का. आज याले मी जित्ता ठेवत नही."

"तुमचा हात मी ओळखते, नाना. मागून येतो, खांद्यापासून. तुमच्यात न याच्यात मला आता फरक कळत नाही. ठेवा खाली."

नानांचा हात हवेत होता. तो खाली आला नाही, तसाच हळूहळू सैल पडला. पाना फरशीवर पडला तेव्हा एक फरशी तडकली. दाजी चौकटीला धरून वाकले होते. तोंडातलं रक्त थुंकून ते म्हणाले, "घेऊन जा. मशीन तर गेली. आता काय टाइप करते ते बघतो."

अक्कानं कपडे मागितले नाहीत, दागिने नाहीत. म्हणाली, "कॉम्प्युटर घे." मोठी माय दारात येऊन उभी होती. तिनं घरातून चौकड्याची चादर आणून दिली आणि दाजींकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "मी बठ्ठं देखेल शे. कोरटमा सांगसू."

परत येताना बसमध्ये जागा होती, तरी नाना जळगावपर्यंत उभे राहिले. पारोळ्याला उतरून त्यांनी नळावर हात धुतले. बस सुटायची वेळ झाली तरी धूत होते. अक्काच्या मनगटाची दोन हाडं मोडली होती.

तक्रार झाली. अक्कासाठी धुळ्याच्याच एक वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर अक्का पहिल्यांदा सांगून बसली की तिनं सगळं लिहून ठेवलंय. कॉम्प्युटरमध्ये, लग्नाच्या रुखवताची यादी अशा नावाच्या फाइलीत. कधी मारलं, कशानं, कुठं. म्हणूनच कॉम्प्युटर फुटला होता. त्या दिवशी दाजींना ती यादी सापडली होती. पुसायची कशी ते त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला.

वकीलबाई म्हणाल्या, "नुसता छापील कागद नेला तर ते म्हणतील, माहेरी बसून लिहिलं. कॉम्प्युटर जसा होता तसा चालू होईल का? फाइल कधी लिहिली, कधी बदलली, सगळं दिसेल असा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात दुरुस्ती शिकत होते.

नशिराबादच्या घरात पुढच्या खोलीत टेबल मांडून मी पेटी उघडली. मदरबोर्ड, म्हणजे ज्या हिरव्या पाटीवर सगळा कॉम्प्युटर जोडलेला असतो ती, मधोमध फुटली होती. चटणी आतपर्यंत गेली होती. बारीक तारांच्या जाळ्यात मिरचीचं बी. पण हार्डडिस्क पेटीच्या तळाशी होती, वरवंटा तिथवर पोचला नव्हता. मी आधी तिची जशीच्या तशी नक्कल करून घेतली, मूळ डिस्क बाजूला कागदात गुंडाळून ठेवली आणि नक्कल माझ्या कॉम्प्युटरला जोडली. यादी सापडली. उघडली तर पानभर डॉलर, टोप्या घातलेली अक्षरं, उलटे स्वल्पविराम. ज्या जुन्या मराठी प्रोग्रॅमात अक्का लिहायची, त्याच्याशिवाय त्या फाइली कुणालाच वाचता येत नव्हत्या. आणि त्याची सीडी दाजींनी दोन तुकडे करून टाकली होती. विकणारा दुकान गुंडाळून कधीच सुरतेला निघून गेला होता.

म्हणजे एकच वाट. नवीन सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, टाकायची नाही. डिस्कवरची जुनी सिस्टिम, तिच्यातल्या प्रोग्रॅमसकट, दुसऱ्या मदरबोर्डवर जिवंत करायची. माझे उस्ताद म्हणाले, "नाही चालत पोरी. सिस्टिमला आपला बोर्ड माहीत असतो. परका दिसला की ती उभीच राहत नाही." पण त्यांनीच पुढं सांगितलं, त्याच कंपनीचा, त्याच पिढीचा बोर्ड मिळाला तर एखादवेळेस ऐकेल.

पहूरला एक सायबर कॅफे बंद पडला होता. त्याच्या मालकाच्या गोठ्यात आठ कॉम्प्युटर कडब्याखाली रचलेले होते. सहावा उघडला तेव्हा हवा तो बोर्ड मिळाला, म्हणजे अगदी तोच नाही, त्याचा धाकटा भाऊ. उंदरांनी एक तार खाल्ली होती. मी तो कुशीत धरून आणला.

रविवार होता, भर दुपार. चुलीवर आईच्या भाकऱ्या चालल्या होत्या. नाना बाकावर बसले होते. त्या दिवसांत ते घरातल्या घरात पाहुण्यासारखे बसत. अक्का प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन माझ्या शेजारी. मी बोर्ड बसवला, नक्कल केलेली डिस्क लावली, बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर सिस्टिमचं चिन्ह आलं आणि लगेच सबंध पडदा निळा झाला, पांढऱ्या अक्षरांनी भरला आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला. पुन्हा निळा. पुन्हा.

"फुटला का?" नानांनी विचारलं.

"नाही."

"मंग असा काहून करतो?"

"घाबरतोय," अक्का म्हणाली.

मी बोर्डच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरले. एकेक ओळ वाचत गेले. डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती तिथं लिहिलेल्या होत्या, एक जुनी, एक नवी. हा बोर्ड नव्या पद्धतीनं बोलत होता आणि अक्काच्या सिस्टिमला फक्त जुनी येत होती. मी जुनी निवडली. तारीख आठ वर्षं मागे गेलेली होती, ती सरळ केली. पुन्हा बटण दाबलं.

चिन्ह आलं. थांबलं. आम्ही तिघंही श्वास धरून बसलो होतो. आणि मग पडदा उजळला. चित्रं फुगून मोठी झालेली, रंग विटके, कोपऱ्यात एकामागून एक सूचना, हे नवीन सापडलं, ते नवीन सापडलं. पण अक्काचाच पडदा. अर्धवट राहिलेली एक लग्नपत्रिका, एका शाळेचा अहवाल, आणि रुखवताची यादी. सगळं तिनं ठेवलं होतं तसं, त्याच जागी. अक्कानं उजव्या हाताच्या एका बोटानं यादी उघडली. मराठी अक्षरं आली.

"वाच तू," ती मला म्हणाली. "मला माझ्या तोंडून नको."

मी मोठ्यानं वाचायला लागले. मला वाटलं होतं, धुळ्याच्या घरापासून सुरुवात असेल.

"मी पाच वर्षांची. आईच्या पोटात बाळ होतं. नानांनी लाथ मारली. नंतर बाळ नव्हतं."

मी थांबले. चुलीपाशी भाकरी थापायचा आवाजही थांबला. आईचा उजवा कान आमच्याकडं होता. नानांनी मान वर केली नाही.

"पुढं वाच," ते म्हणाले.

"मी बारा वर्षांची. आखाजी. दोर कापला. मी मोठ्यानं ओरडले म्हणून संध्याकाळी मला खिळ्यावरच्या पट्ट्यानं. सतरा. धाकटी मोजत होती." मला ते मोजल्याचं आठवत नव्हतं. पण सतरा म्हटल्यावर तोंडात तुरीच्या भुशाची चव आली.

आठ पानं आमच्या घराची होती. मग धुळं सुरू झालं. तिथं तारखा होत्या, वेळा होत्या, वस्तूंची नावं होती. इस्त्री. पट्टी. दाराची फट आणि बोटं. मी वाचत होते. मधेच एक नोंद आली आणि ती माझ्याच तोंडून बाहेर पडली.

"भाऊबीज. धाकटी आली होती. तिनं माझा ओठ पाहिला. मग विचारलं, लाडू कशाचे आहेत."

अक्का माझ्याकडं बघत नव्हती, पडद्याकडं बघत होती. मला आठवलं, लाडू बेसनाचे होते. मी चार खाल्ले होते.

वाचून संपलं तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं. नाना उठले, आत चुलीपाशी गेले. आई बसलेली, ते उभे. बराच वेळ उभे होते. आईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पीठ मळायला घेतलं. मग ते बाहेर आले.

वकीलबाईंनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "पहिली आठ पानं आपल्या कामाची नाहीत. समोरचे वकील त्यावरच बोट ठेवतील. बाहेर काढू नका."

अक्का म्हणाली, "आहे तशी जाईल."

नाना मागे उभे होते. "ऱ्हाऊ द्या बाई," ते म्हणाले. "खरं हाये ते."

धुळ्याच्या कोर्टात नानांची साक्ष झाली तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं. मोठी माय आधी बोलून गेली होती, ठणठणीत. मग समोरच्या वकिलांनी ती आठ पानं हातात घेतली. नाना कठड्याला धरून उभे. आई आणि मी मागच्या बाकावर.

"तुम्ही तुमच्या बायकोला मारत होता?"

नाना छताच्या पंख्याकडं बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "हो."

"मुलींना?"

"हो."

"किती वेळा?"

"मले नही सांगता येत. तिनं लिहिलंय. ते बरोबर आहे."

वकील हसले. "म्हणजे तुमच्या घरात मारहाण रोजचीच. मुलीला सगळीकडे तेच दिसतं."

"रोजचीच व्हती साहेब," नाना म्हणाले. "म्हनून त मले कळतं. हात कसा उठतो, अन् मारनारा मंग चहा कसा पेतो. त्या दिवशी जावई चहा पेत व्हता. मी दारातूनच वयखलं."

आईच्या हातातला रुमाल तिनं इतका पिळला होता की तिची बोटं पांढरी पडली होती.

पुढे निकाल अक्काच्या बाजूनं लागला. खटला चालू असतानाच ती साक्रीला राहायला गेली होती, आजही तिथंच आहे. तिथं टायपिंगचं काम करते. आठवडेबाजाराच्या दिवशी डोंगरातून आलेली माणसं अर्ज लिहून घ्यायला तिच्या दारात रांग लावतात. मनगट पावसाळ्यात दुखतं. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. नाना नशिराबादच्या घरात एकटे असतात, स्वतः भाकरी करतात, त्या एका बाजूनं करपतात. मी रविवारी जाते. आम्ही जास्त बोलत नाही. मी त्यांना माफ केलं का, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलते. त्यांचा डबा भरून देते एवढं खरं.

त्या साक्षीच्या दिवशी आम्ही कोर्टातून चालत स्टँडवर आलो. ऊन रणरणत होतं. जळगावची बस लागलेली होती. नाना आधी चढले, खिडकीशेजारची जागा धरली आणि शेजारी आईसाठी आपलं उपरणं टाकलं. मी पायरीवर होते. आई खालीच उभी होती, अक्काजवळ.

"चल ना आई," मी म्हणाले. "सुटेल गाडी."

"तू जाय," आई म्हणाली. "मी अक्कासंगं साक्रीले जाते."

"किती दिवस?"

तिनं डोक्यावरचा पदर सरळ केला. घाईत नव्हती. लग्नाला छत्तीस वर्षं झालेली बाई, हातात कपड्यांची पिशवी. ती पिशवी मी सकाळपासून बघत होते, पण तिच्यात काय आहे ते विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"दिवस नही व माय," ती म्हणाली. "मी जाते."

नाना खिडकीतून ऐकत होते. आई त्यांच्याकडं वळली नाही. तिनं अक्काच्या बऱ्या हाताला धरलं आणि दोघी पलीकडच्या फलाटाकडं चालू लागल्या, जिथं साक्रीची गाडी उभी होती. आई पुढं होती.

कंडक्टरनं घंटी मारली. बस स्टँडच्या बाहेर पडली. मी मागच्या बाकावर बसले. गाडीत गर्दी होती. एक म्हातारा पिशव्या सावरत नानांजवळ आला आणि उपरण्याकडं बोट करून म्हणाला, "भाऊ, कोनी यी ऱ्हायनं का?"

नानांनी त्या उपरण्याकडं पाहिलं. मग त्यांनी ते उचललं, घडी करून मांडीवर ठेवलं.

"नही," ते म्हणाले. "बसा."